काळकडा तोंडपाठ

४ डिसेंबर

वेन्डलचं फर्मान आहे की प्रत्येकीने वही ठेवायची. झोप किती, पाय कसे, बर्फ कसा, डोकं कुठे. वेन्डल म्हणजे आमचा प्रशिक्षक. तो वही कधीच तपासत नाही, नुसतं "लिहितेस ना?" विचारतो आणि उत्तराच्या आत पुढे गेलेला असतो. तर, झोप सात तास. पाय बरे. बर्फ कोरडा, करकरीत. डोकं न्याहारीच्या टेबलाखाली, कारण या हॉटेलात तीन पायांची एक मांजर आहे आणि ती जिना माझ्यापेक्षा झोकात उतरते.

मोठी बातमी राहिलीच. मला बुर्गीची खोली मिळाली. बुर्गी श्राफल! डाउनहिलमध्ये, म्हणजे उतारावरच्या सुसाट स्की शर्यतीत, तीन हिवाळे जगात पहिली. आणि मी मेना, हॉटेलची शाळा अर्धवट, एक उन्हाळा मेंढ्यांच्या मागे, एक वर्ष न्यूझीलंडमध्ये पोरांची नाकं पुसत त्यांना स्की शिकवली, मग दुधाची गाडी. टीममध्ये घेतलं तेव्हा आई म्हणाली, "बघू, नाताळापर्यंत टिकतेस का."

बुर्गीने दार उघडून पहिलं काय विचारावं?

"घोरतेस?"

"माहीत नाही. मी झोपलेली असते."

"खिडकीकडचा पलंग माझा. आणि मोज्यांचा वास आला तर मोज्यांसकट तू बाल्कनीत."

मला ती भयंकर आवडली.

८ डिसेंबर

बसमध्ये चार तास. बुर्गी बोलत नाही असं सगळ्या म्हणतात, पण माझ्याशी बोलली. बत्तीस वर्षांची आहे, हा शेवटचा हिवाळा. मांडीत दोन खिळे, गुडघ्यात दुसऱ्या कुणाची तरी शीर. "मेल्यावर तपासणाऱ्याची मजा आहे," म्हणाली.

मी विचारलं, "सगळं जिंकलीस. आता काय राहिलं?"

"काळकडा."

काळकडा म्हणजे तिच्या गावचा, हिंटरलानचा उतार. नऊ वेळा उतरली तिथे शर्यतीत. तीनदा दुसरी, एकदा कडेच्या जाळीत, बाकी अशीच. पहिली कधीच नाही. जगभरचे चषक आईच्या घरी पडलेत, त्यातल्या एकात आई कपड्यांचे चिमटे ठेवते. "पण गावात अजूनही दूधवाला म्हणतो, छान उतरलीस हो, पण त्या अमकीसारखं नाही." यंदाची शर्यत १९ जानेवारीला. त्यानंतर जागतिक स्पर्धा आहे, तिचं तिला काही नाही. १९ जानेवारी झाली की स्की गोठ्यात टांगणार.

मग तिने डोळे मिटले आणि मी खिडकीतून घरांच्या धुराड्यांवरचे कोंबडे मोजत बसले. एकसष्ट.

१५ डिसेंबर

शर्यतीत बुर्गी पडली. शेवटच्या वळणावर आतली स्की निसटली, पाठीवर आपटून सरळ जाळीत. उठली, स्वतःच्या पायांनी खाली आली, लोकांना हात केला. हेल्मेटला मागून चीर होती. आमच्या स्की सांभाळणाऱ्या कारागिराने ते पिशवीत टाकलं आणि नवं दिलं.

डोक्याला मार लागला की डॉक्टर परीक्षा घेतात. पंधरा शब्द ऐकवतात, नंतर किती आठवतात ते विचारतात. आकडे उलटे म्हणायला लावतात. हिवाळ्याआधी ऑक्टोबरात जेवढे गुण मिळाले तेवढे पुन्हा मिळाले की तू बरी, उतर. म्हणूनच ऑक्टोबरात आम्ही सगळ्या मुद्दाम ढ असतो! जुन्या मुली नव्यांना हे पहिल्याच दिवशी शिकवतात, बूट कसे गरम करायचे त्याच्याही आधी. मी सहा शब्द सांगून थांबले होते. बुर्गीने पाचच सांगितले होते.

आज तिला पाच आठवले. पास! वेन्डलने आनंदाने सगळ्यांना लिव्हर घातलेलं सूप पाजलं. बुर्गीने घेतलं नाही.

१८ डिसेंबर

झोप वाईट, कारण बुर्गी दिवसाही पडदे ओढून ठेवते आणि मला दिवस-रात्र कळेनासं झालंय. जेवायलाही काळा चष्मा. कुणीतरी टोमणा मारला, "सिनेमात गेलीस की काय गं?" ती उठून गेली. मी तोंडाने वाजवायची पेटी काढली तर म्हणाली, "ती बंद कर, नाहीतर गिळायला लावीन." शर्यतीचे गुण बुडाल्याचा राग आहे, दुसरं काय.

जरा गंमतही झाली. मी वर आले तर ती जिन्यापाशी किल्ली हातात धरून उभी.

"आपली कुठली?" म्हणाली.

मी म्हटलं, "आपली ती जिच्यातून मोज्यांचा वास येतो." दोघी खूप हसलो. ती जरा जास्तच वेळ हसत होती.

२१ डिसेंबर

आज माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट झाली. बुर्गी मला शिकवायला लागली!

शर्यतीच्या सकाळी पाहणी असते. आम्ही आडव्या स्कीवर घसरत घसरत एकेक गेट, म्हणजे जिच्यामधून जायचं ती झेंड्यांची जोडी, बघतो, कुठे वळायचं, कुठे सोडून द्यायचं. मग वर डोळे मिटून उभ्या राहतो आणि हात हलवत सगळा उतार मनात म्हणतो. लांबून बघणाऱ्याला वाटेल वेड्यांचं इस्पितळ सुटलंय. हे ज्याचं त्याने म्हणायचं असतं, दुसऱ्याला कुणी सांगत नाही. आज बुर्गी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मोठ्याने म्हण," म्हणाली.

"मी? तुझ्यासमोर?"

"गोष्ट सांगतात तसं. कुठे काय येतं ते सगळं. घाई नको."

म्हटलं. "परत." परत म्हटलं. "अजून एकदा, मधलं." तीनदा म्हटलं, आणि डोळे मिटून ती माझ्याबरोबर हात हलवत होती. जिने हे सगळं शोधून काढलं ती बाई माझ्या तोंडून ऐकतेय! मी इतकं नीट आजवर काहीच बघितलं नव्हतं, शाळेतला फळासुद्धा नाही.

मी एकोणतिसावी आले. तिसावीपर्यंत गुण मिळतात, म्हणजे माझे पहिले दोन गुण! बुर्गी चौथी.

२४ डिसेंबर

बर्फामुळे आमच्याकडची खिंड बंद, म्हणून बुर्गीच्या घरी, हिंटरलानला. शेवयांच्या सुपात सॉसेज, मग सुक्या नाशपातीचा पाव. बुर्गीची आई उंच, हडकुळी, आणि बोलताना कायम काहीतरी सोलत असते.

बुर्गी मागच्या दारातून कुत्र्याला हाक मारायला लागली, "वाल्डी, वाल्डी!" कुत्रा काही येईना.

आईचा हात थांबला. "वाल्डीला जाऊन सहा वर्षं झाली, बुर्गी."

"माहितेय मला. चुकून आलं तोंडात."

माझी आजी तर आम्हा सगळ्या नातवंडांना शेळ्यांच्या नावांनी हाक मारायची, ते मी सांगितलं, पण कुणी हसलं नाही. बुर्गी वर गेल्यावर आईने मला धरलं.

"तुझ्याशी बोलते का गं ती?"

"भरपूर. मला शिकवते."

"डोकं दुखतं म्हणते का?"

"नाही हो. बर्फाने डोळे दुखतात, सगळ्यांचेच दुखतात."

आईने उरलेली नाशपाती न सोलताच सुरी ठेवली. आया उगाच काळजी करतात.

३ जानेवारी

पाय छान. बर्फ ओलसर. मी बाविसावी!! वेन्डल म्हणाला, "तुला झालंय काय?" मी म्हटलं, "मला बुर्गी झालीय." तो हसला, पण पुढे गेला नाही, पहिल्यांदाच थांबला. "तिचं काय चाललंय?" "काय चालणार? तिसरी आली ना." "हो, आली," म्हणाला, आणि मग गेला.

आता आमचं न्याहारीलाही चालतं. मिठाची बाटली म्हणजे पहिली उडी, जॅमची वाटी म्हणजे मोठं वळण. "परत," बुर्गी म्हणते. मला कंटाळा येतो पण तिला येत नाही. थोर माणसं अशीच होत असतील.

आमच्याकडे पद्धत आहे, जी आधी उतरते ती खालून रेडिओवर वर थांबलेल्यांना सांगते, बर्फ कुठे फसवतोय, कुठली उडी लांब पडतेय. बुर्गी नववी उतरली, मी एक्केचाळिसावी. मी विचारलं, "खाली कसं आहे?"

खूप वेळ नुसती खरखर. मग म्हणाली, "तू सांगितलंस तसंच आहे."

याहून मोठी शाबासकी कुठली?

९ जानेवारी

आता सगळं कळलं. मी पण काय मठ्ठ आहे!

बुर्गी सकाळी न्हाणीघरात ओकत होती. काल पण. परवा पण. अंधारात पडून राहणं, वासाने वैतागणं, सगळ्याचा उलगडा झाला. हिंटरलानचा एक लाकूडवाला आहे, जो तिला सारखे मेसेज करतो आणि ज्याला ती उत्तर देत नाही असं दाखवते! म्हणजे म्हणूनच हा शेवटचा हिवाळा.

मी दाराबाहेरून म्हटलं, "बुर्गी, मला कळलंय."

आत पाणी बंद झालं. "काय कळलंय?"

"सगळं. मी कुणाला सांगणार नाही. शपथ."

दार उघडलं. चेहरा पिठासारखा पांढरा. माझ्याकडे इतकी टक लावून बघत होती की मला वाटलं आता मारते. पण तिने माझं मनगट धरलं, घट्ट.

"दहा दिवस," म्हणाली. "फक्त दहा दिवस, मेना. मग मी स्वतः सांगते सगळ्यांना. वेन्डलला नाही, डॉक्टरला नाही, आईला तर मुळीच नाही."

"पण अशात उतरायचं म्हणजे..."

"दहा दिवस."

मी शब्द दिला. मनगटावर अजून वळ आहेत. एवढा विश्वास माझ्यावर आजपर्यंत कुणी टाकला नव्हता, दुधाच्या गाडीची किल्लीसुद्धा मालक रोज संध्याकाळी परत मागायचा.

१८ जानेवारी

हिंटरलान. काळकडा खरंच काळा आहे, सकाळभर डोंगराच्या सावलीत, बर्फ काचेसारखा. जागांची नावं गावची: पाद्र्याची पाठ, सुताराचं वळण, गोठ्याची उडी. कालच्या सरावात बुर्गी दुसरी, आज पाचवी, शेवटचा भाग मुद्दाम उभं राहून सोडून दिलाय. गाव पेटलंय. दूधवाल्याने दुकानावर तिचं नाव रंगवलंय, एक अक्षर खाली घसरलंय.

संध्याकाळच्या बैठकीत वेन्डल म्हणाला, गोठ्याच्या उडीखाली बर्फ गोठून फार वेग येतोय, एक मुलगी आज तिथे थोडक्यात वाचली. सकाळी पाहणीच्या आधी उडीनंतरचं गेट बहुतेक हलवतील. हलवलं तर उडी वेगळ्याच दिशेने घ्यावी लागेल. "डोळे उघडे ठेवून बघा."

खोलीत बुर्गी भिंतीला डोकं टेकून बसली होती.

"तू बघशील ना?" म्हणाली.

"दोघी बघू की."

"तू बघ. तू बघितलंस की मी बघितलं."

मला भरूनच आलं.

१९ जानेवारी, सकाळ

वरच्या लाकडी खोलीत बसलेय, चहा, दहा वाजलेत. माझा नंबर खूप नंतर, तर लिहून घेते.

पाहणीत कोण भेटावं? कास्सी! ज्याच्याबरोबर मी मेंढ्या राखल्या तो. आज गावच्या लोकांबरोबर उतार साफ करायला आलाय. गोठ्याच्या उडीवर फावडं घेऊन उभा.

"अगं ए, तू अजून डोंगरावरून खालीच घसरतेस?" म्हणाला.

"आणि तू अजून वरच उभा?"

तो सांगायला लागला, ती काणी मेंढी आठवते का, जी दर रविवारी चर्चच्या आवारात जायची? तिला तिळी झालीत! तिन्ही काणी! मग तो म्हातारा मालक, मग त्याचं लग्न, या वयात, त्याच्या भावाच्या विधवेशी. आम्ही इतके हसलो की वरून माणूस ओरडला, पाहणीची वेळ संपली, खाली व्हा. उरलेला भाग घाईने बघितला. तिथलं सगळं मला पाठच आहे, दोन दिवस उतरतेय.

वर येऊन बुर्गीला तीनदा सांगितलं. पाद्र्याची पाठ, सुताराचं वळण, गोठ्याची उडी सरळ खालच्या पाईनच्या झाडाकडे, मग उजवीकडचं गेट. ती डोळे मिटून, हात पुढे. तिसऱ्यांदा माझ्याआधी तीच म्हणत होती. आनंद झाला तिला. माझ्या कपाळाची पापी घेतली, हेल्मेटवरूनच.

आता ती सुरुवातीच्या जागी गेली. नंबर सात.

२१ जानेवारी

लिहायला हवं. कुठून लिहू?

गेट हलवलं होतं. तीन पावलं डावीकडे.

बुर्गी वरच्या भागात सगळ्यांच्या पुढे होती. अर्ध्या सेकंदाने. गाव ओरडत होतं ते वर आम्हाला ऐकू येत होतं. मग ते एकदम थांबलं. हजारो माणसं एकदम गप्प झाली की डोंगर मोठा वाटतो.

तिने उडी सरळ झाडाकडे घेतली. हवेत असतानाच तिला गेट दिसलं असणार, डावीकडे. उतरताना वळायला गेली.

हेलिकॉप्टर. चाळीस मिनिटं. रेडिओवर वेन्डलचा आवाज, एकेकीला सांगत होता, गोठ्याच्या उडीनंतर गेट डावीकडे, तीन पावलं, डावीकडे, झाडाकडे जाऊ नका. मी तेव्हा ऐकलं. मी म्हटलं, "कधी हलवलं?" तो म्हणाला, "सकाळी, पाहणीच्या आधी. बघितलं नाहीस? बुर्गीला मी दोनदा सांगितलं होतं, सुरुवातीच्या जागी. कळलं म्हणाली."

मग माझा नंबर आला आणि मी उतरले. का उतरले ते माहीत नाही. स्की पायात होत्या. मी चौदावी आले. आजवरचा सगळ्यात चांगला निकाल.

बर्फावर तिथे त्यांनी फावड्याने नवा बर्फ टाकला होता.

२३ जानेवारी

इन्सब्रुकचं इस्पितळ. काल तिला शुद्ध आली. आई, वेन्डल आणि मी बाहेर बाकावर. वेन्डल म्हणाला, "जागतिक स्पर्धेत तिच्या जागी तू. रविवारी निघायचंय." कुजबुजत म्हणाला, जसं काही शरमेचं आहे. आहेच.

डॉक्टरबाई आल्या. वर डोंगरात आम्ही सगळ्यांना अरे-तुरे करतो, पण यांना कुणी करणार नाही. म्हणाल्या, डोक्यात सूज आहे, आणि या एका पडण्याने व्हावी त्याहून जास्त आहे. डिसेंबरात पडल्यावर ती पूर्ण बरी झाली होती का? तिला विचारलं तर ती म्हणते, काही त्रास नव्हता. "हे कळलं तर आम्ही वेगळं वागू. घाई करणार नाही. आणि पुन्हा कधी उतरू देणार नाही."

आई माझ्याकडे बघत होती. वेन्डल बुटांकडे.

मी शब्द दिला होता. पण दहा दिवस संपले होते.

"ओकायची," मी म्हटलं. "रोज सकाळी."

"कधीपासून?"

"मला नवव्या तारखेला कळलं. त्याआधीपासून."

"मग कुणाला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं दिवस गेलेत."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मी ही वही काढली आणि एकेक पान वाचून दाखवलं. पडदे. चष्मा. खोलीची किल्ली. वाल्डी. परत, परत, परत. वाचता वाचता मी अडखळले, कारण माझ्याच अक्षरात सगळं होतं आणि मी ते आत्ता पहिल्यांदा वाचत होते. ती मला शिकवत नव्हती. तिच्याकडे उतार राहत नव्हता. ती माझ्या डोक्यात ठेवून उतरत होती.

ऑक्टोबरच्या परीक्षेचंही सांगितलं. वेन्डल उठून खिडकीशी गेला. त्याला माहीत होतं. सगळ्या प्रशिक्षकांना माहीत असतं.

२४ जानेवारी

बुर्गीने विचारलं, "डिसेंबरचं डॉक्टरांना कुणी सांगितलं?"

"मी."

"तू शब्द दिला होतास."

"हो."

तिच्या डोळ्यांतून पाणी गेलं, सरळ कानात. "आता मला कुणी स्कीला हात लावू देणार नाही. चालती हो."

गेटचंही सांगितलं, मी बघितलं नव्हतं म्हणून. तिने ऐकलं की नाही माहीत नाही.

२५ जानेवारी

"डिसेंबरचं डॉक्टरांना कुणी सांगितलं?" बुर्गीने विचारलं.

मला वाटलं टोचून बोलतेय. मग तिचा चेहरा बघितला.

"मी," म्हटलं. पुन्हा तेच डोळे, पुन्हा तेच पाणी. चालती हो.

२७ जानेवारी

काल तिसऱ्यांदा. वेन्डलला कळवलं, मी येत नाही, दुसऱ्या कुणाला न्या. "वेडी आहेस," म्हणाला. मग म्हणाला, "बरं."

आज दाराशी आईने हात धरला. "नको सांगूस गं आता. माहीत नाही म्हण. डॉक्टर रोज डिसेंबरचं काढतात म्हणून ती विचारते, दुपारपर्यंत विसरते, रोज कशाला तिला नव्याने मारतेस?"

मला पटलं. आत जाईपर्यंत पटलं होतं.

बुर्गीने विचारलं. मी तोंड उघडलं आणि "मी" असंच बाहेर आलं. खोटं बोलायचं तर रोज वेगळं सुचायला हवं, आणि तिला एकच उतार तीनदा वेगवेगळा मी कधी सांगितला नाही. एकदाच चुकीचा सांगितला.

"चालती हो."

२९ जानेवारी

बाहेर बर्फ पडतोय, ओला. तिच्या खिडकीतून डोंगर दिसत नाही, ते एक बरं.

"डिसेंबरचं कुणी सांगितलं?"

"मी."

या वेळी ती लगेच रडली नाही. छताकडे बघत होती, पाहणीत बघायची तशी, एकेक जागा शोधत.

"हे मी काल विचारलं होतं?"

"हो."

"परवा?"

"परवापण."

"मग मी काय म्हणाले?"

"चालती हो म्हणालीस."

"मग आज का आलीस?"

"तू विचारणार होतीस म्हणून."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी उठून उभी राहिले, दाराकडे जायला. ती "चालती हो" म्हणाली नाही, ते राग गेला म्हणून की म्हणायचं विसरली म्हणून, मला कळलं नाही. मी परत खुर्चीत बसले, आणि संध्याकाळी नर्सने उठवेपर्यंत बसून राहिले.